गॅलरीत बसलेल्या बायका

माझं मॅचिंग सेंटर नगरपालिकेच्या फाटकासमोर होतं. मधे फक्त रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला भाजीवाल्या बायकांची रांग. दुकान लहान होतं, पण कुठल्याही साडीला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड आमच्याकडे मिळणार अशी ख्याती होती. येवल्याहून पैठणी आणली की बायका पिशवीसकट आधी माझ्याकडे यायच्या. अशी कितीतरी वर्षं मी त्या दगडी इमारतीकडे तोंड करून बसले, पण घरपट्टी भरण्यापलीकडे आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत काय चालतं हे मला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच फाटकावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असावं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. यातली बहुतेक माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना तिथेच राहायचं आहे.

त्या वर्षी दिल्लीत भ्रष्टाचाराविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं. सरकार हादरलं होतं. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या गावातही मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला. मी दुकान बंद करून गेले. सगळ्यांच्या पुढे आमच्या मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, काटक, इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर झोपेतून जागं व्हावं. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, उरलेल्या निम्म्याला दटावलं होतं.

पुढे निवडणूक झाली, ते सरकार गेलं, नवं आलं. गावात फटाके वाजले. 'पारदर्शक कारभार' हा शब्द सगळ्या फलकांवर चढला. मी कापडवाली. पारदर्शक म्हटलं की मला शिफॉनच आठवायचं, आणि शिफॉनला आतून अस्तर लावावं लागतं हेही.

त्यानंतर एका दुपारी मोठ्या बाई दुकानात आल्या. एका जुन्या नारायणपेठीला ब्लाउज हवा होता. मी गठ्ठे काढत होते. त्या स्टुलावर बसून समोरच्या इमारतीकडे बघत होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "दिल्लीचं झालं. आता इथलं कोण बघणार?"

"इथलं म्हणजे?"

त्यांनी हनुवटीनेच समोर दाखवलं. "आपण मेणबत्ती घेऊन चौकापर्यंत गेलो आणि घरी आलो. त्यांनी शब्द दिला, आपण टाळ्या वाजवल्या. शब्द पाळला जातोय का हे बघायला कुणी थांबलंय का? शाळेत गृहपाठ नुसता देऊन भागत नाही. तपासावा लागतो."

नगरपालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, त्यासाठी सभागृहात वर गॅलरीसुद्धा असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कायद्यात ते पूर्वीपासूनच होतं. "कायदा असून कुणी बसत नसेल तर तो असून नसल्यासारखा," बाई म्हणाल्या. "पुढची सभा मंगळवारी आहे. येतेस?"

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून म्हणाले.

दुकानाच्या दाराशी भाजी लावणारी आक्का हे सगळं ऐकत होती. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता ती म्हणाली, "मी बी येते. रोज त्येंच्या फाटकापाशी बसते, आतलं एकदा तरी बघू द्या."

मंगळवारी आम्ही तिघी जिना चढून वर गेलो. गॅलरीच्या दाराला मोठं कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं तर मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या आराशीचं थर्माकोल आणि गुंडाळलेले फ्लेक्स छतापर्यंत रचलेले. शिपाई धावत आला.

"इथं कोणी बसत नाही, बाई."

"आजपासून बसणार आहे," बाई म्हणाल्या.

"किल्ली नाही."

"मग आम्ही खाली दारात उभ्या राहतो."

आम्ही सभागृहाच्या दारात उभ्या राहिलो. आत माणसं येत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मग कुणीतरी विषय वाचायला लागलं. वाचणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" असा आवाज उठायचा. पुढचा विषय. मंजूर. मी अस्तराचं कापड मोजून फाडते त्यापेक्षाही ते भराभर चाललं होतं. चहा आला तेव्हा नगराध्यक्षांचं लक्ष दाराकडे गेलं. ते बाईंचे विद्यार्थी. गडबडून उठले.

"बाई? तुम्ही इथे? काही काम होतं का?"

"सभा बघायला आलोय."

"सभा?" ते हसले. "बाई, यात बघण्यासारखं काय? तुमचं काम सांगा, लगेच करून देतो."

"हेच काम आहे."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सभा संपली, साहेब," आणि ती खरंच संपली.

बाहेर आल्यावर आक्का पायरीवर टेकली. "एवढंच? माझ्याकडं गवारीची घासाघीस बी याच्यापेक्षा जास्त चालते."

मुख्याधिकारी नवीनच बदलून आलेले, तरुण, चष्मिस्ट, फार बोलणारे नव्हेत. बाईंनी त्यांच्याकडे अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं.

"कायदा तुमच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "गॅलरी उघडी असायला हवी."

"मग उघडा."

"किल्ली सापडत नाहीये. मी विचारलं. कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही."

"साहेब," बाई म्हणाल्या, "किल्ली हरवली की लोक घराबाहेर राहत नाहीत. कुलूप तोडतात."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील की वरिष्ठांना विचारून कळवतो. पण त्यांनी घंटी वाजवली आणि शिपायाला म्हणाले, "लोहाराला बोलवा."

कुलूप तुटल्याचा आवाज मी दुकानात बसून ऐकला. आजही तो आवाज आठवला की अंगावर मूठभर मांस चढतं.

आतला पसारा पालिकेच्या माणसांनी काढला, पण धूळ आमच्या वाट्याला आली. आम्ही डोक्याला फडकी बांधून झाडलोट केली. कबुतरांनी आत संसार थाटले होते. आक्काने आपल्या ओळखीच्या भाजीवाल्या आणल्या, मी माझ्या दोन गिऱ्हाइकांना गळ घातली. भिंतीलगतची लाकडी बाकं पुसली तेव्हा खालून सुरेख सागवान निघालं. बाईंनी पदराने एका बाकाची कड चोळून पाहिली. "बघा, बसण्यासाठीच केलं होतं की हे," त्या म्हणाल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो सिन्नरच्या कारखान्यात फिटर होता, पहाटेच्या एसटीने जायचा, संध्याकाळी दमून यायचा. जेवता जेवता तो म्हणाला, "तिथे बसून तुम्ही करणार काय? तुम्हाला बोलायची परवानगी नाही."

"बघणार."

"नुसतं बघून काय होतं?"

"तुमचा साहेब मागे येऊन उभा राहतो तेव्हा काय होतं?"

तो हसायला लागला. तेव्हापासून सभेच्या दिवशी पहाटे निघण्याआधी तो माझ्यासाठी पोळ्या करून ठेवायला लागला. जाड व्हायच्या, पण करायचा.

पुढच्या सभेला आम्ही सातआठ जणी गॅलरीत होतो. खाली सभासद येऊ लागले. एकाने सहज वर पाहिलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. मग दुसऱ्याने पाहिलं. हळूहळू खालची थट्टामस्करी थांबली. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वर्गाचं होतं तसं झालं.

आम्हाला बोलायची मनाई होती, शिपायाने तसं बजावलं होतं. पण आक्काला कुजबुजणं हा प्रकार ठाऊक नव्हता. तिचं आयुष्य रस्त्यावर ओरडण्यात गेलेलं. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, आपल्या वॉर्डाच्या खुर्चीवर तर तिचा नवरा बसलाय! मत तर मी तिला दिलं व्हतं!"

खालच्या सगळ्या माना वर वळल्या.

ते खरंच होतं. पालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव. बायका निवडून आल्या, पण खाली खुर्च्यांवर बऱ्याच ठिकाणी त्यांचे नवरे, दीर, एका ठिकाणी तर सासरा बसलेला. सगळ्यांना ते माहीत होतं. इतकं माहीत होतं, की कुणाला दिसतच नव्हतं. आक्काने ते मोठ्याने म्हटलं आणि ते दिसायला लागलं.

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाले, "जे सदस्य नाहीत, त्यांनी कृपया सभागृहाच्या बाहेर जावं."

काही जण हसले. त्यांना गंमत वाटली. मुख्याधिकाऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा त्याच सुरात म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. आक्काच्या वॉर्डातला तो नवरा, गावात सगळे त्याला भाऊ म्हणत, ठेकेदारी करायचा, उठून उभा राहिला. "साहेब, आजवर कुणी हरकत घेतली नाही."

"आजवर कुणी बघत नव्हतं," साहेब म्हणाले.

एकामागून एक ते बाहेर पडले. मागे इतक्या खुर्च्या रिकाम्या झाल्या की गणपूर्तीच होईना. नगराध्यक्षांनी घाम पुसत सभा तहकूब केली. आम्ही जिना उतरून बाहेर आलो. आक्काने फाटकापाशी येऊन आपली टोपली उघडली आणि नेहमीपेक्षा चढ्या आवाजात ओरडली, "मेथी घ्या, कोथिंबीर घ्या!"

सगळं मात्र सुखाने झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात अतिक्रमणवाल्यांनी येऊन भाजीवाल्यांच्या टोपल्या उचलल्या. माझ्या दुकानाची पाटी पुढे आली आहे म्हणून नोटीस आली. ती पाटी माझ्या सासऱ्यांच्या वेळची. नवरा म्हणाला, "जरा दमानं घ्या." बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घे आत. नियम आहे. आपण नियमाचंच मागतोय, मग आपली पाटी बाहेर कशी चालेल?" मला राग आला होता. पण पाटी आत घेतल्यावर माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला काही उरलं नाही, हे नंतर उमगलं. भाजीवाल्या मात्र दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी बसल्या. त्यांना दुसरी जागाच नव्हती.

तहकूब झालेली सभा पुन्हा भरायच्या आदल्या दिवशी दुकानात आक्काच्या वॉर्डातली नगरसेविका आली. भाऊची बायको. माझं जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर पदर, नजर खाली. बाई योगायोगाने तिथेच होत्या. तिने गुलाबी अस्तर मागितलं. मी फाडायला घेतलं तर म्हणाली, "राहू द्या. अस्तर नकोय मला."

मी गठ्ठा खाली ठेवला.

"उद्या मला जावं लागणार," ती म्हणाली. "घरात लई बोलणं झालं माझ्यावर. पण जावं तर लागणार. मी तिथं काय बोलू?"

"तुला काय बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

"मला बोलताच येत नाही, बाई."

"माहेर कुठलं तुझं?"

"दिंडोरीकडचं. द्राक्षाची बाग होती आमची."

"मग बागेत मजूर बायका असतील. त्यांच्याशी बोलायचीस की नाही?"

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची मी. छाटणीच्या दिवसांत तर आवाज बसायचा ओरडून ओरडून. पण इथं खुर्चीत बसलं की घसाच बंद होतो."

"मग बसून बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "उभी राहा. आणि भाषण करायचं नाही. एक प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर तुला खरोखर हवंय असा."

तिने बाहेर पाहिलं. रस्त्यावर आक्का ऊन चुकवायला सावलीत सरकत होती. तिच्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. माहितीये ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. मी समोरच बसायचे. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. सकाळी घोटभर चहा घेऊन आलेल्या बाया उन्हात संध्याकाळपर्यंत कोरड्या राहायच्या. कुणाला मूतखडा झालेला, कुणाला आणखी काही. कुणी अगदीच अडली तर माझ्या दुकानामागच्या घरात यायची. स्वच्छतागृह बांधायचा ठराव कधीच मंजूर झाला होता, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते.

"हाच प्रश्न विचार," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गॅलरी भरली होती. कॉलेजच्या मुली आल्या होत्या, दोन वकील आले होते, आणि माझ्या शेजारच्या बाकावर भाऊही येऊन बसले. खाली जायची सोय राहिली नव्हती, म्हणून वर. सभा सुरू झाली. खाली त्यांची बायको बसली होती, पदर सावरत. भाऊंनी वरून हाताने काहीतरी खूण केली. बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "भाऊ, परीक्षेत खुणा करायच्या नसतात." मुली फिदीफिदी हसल्या. भाऊंनी हात खिशात घातले.

तेवढ्यात खालून एक जुने, बिलंदर सभासद उभे राहिले. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आज महत्त्वाचे विषय आहेत. वर एवढी गर्दी असताना मोकळेपणाने चर्चा होणार नाही. ही सभा बंद दाराआड घ्यावी."

तसं करता येतं, हे बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. बहुमताने ठरवलं तर लोकांना बाहेर काढता येतं. एवढं कुलूप तोडलं, एवढी धूळ खाल्ली, आणि एका ठरावाने सगळं परत बंद होणार.

नगराध्यक्षांनी वर पाहिलं. त्यांची नजर बाईंच्या नजरेला भिडली. बाईंना बोलायची परवानगी नव्हती. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"ठराव मांडायचा तर सूचक लागेल, अनुमोदक लागेल," मुख्याधिकारी म्हणाले. "नावं इतिवृत्तात येतील."

"सूचक मी," ते सभासद म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

कुणीच हात वर करेना. वर त्यांच्याच वॉर्डातली माणसं बसली होती, कुणाची मावशी, कुणाची विहीण. शेवटी एकाने अर्धवट हात उचलला. आणि त्याच वेळी आमची नगरसेविका उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा कर्र आवाज झाला.

"बसू द्या त्यांना," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि मग बागेतल्या हाकेसारखा खणखणीत आवाज आला. "बसू द्या त्यांना! मला निवडून देताना त्या उन्हात रांगेत उभ्या होत्या. तेव्हा चालल्या, मग आता का चालत नाहीत? मी चुकीचं बोलले तर त्यांना कळू दे. नाही बोलले तर तेही कळू दे."

अर्धवट उचललेला तो हात खाली गेला. अनुमोदन नाही, म्हणून ठराव बारगळला. गॅलरीत टाळ्या वाजल्या, शिपाई "शांत, शांत" म्हणत धावला, आणि तोच गालातल्या गालात हसत होता. मी शेजारी पाहिलं. भाऊ बायकोकडे अशा नजरेने बघत होते, जणू तिची त्यांना आत्ताच कुणीतरी ओळख करून दिली होती.

ती खाली बसली नाही. "माझा एक प्रश्न आहे," ती म्हणाली. "भाजी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं मंजूर झालंय, असं सगळे म्हणतात. ते कुठे आहे? मला दाखवा."

खाली हशा पिकला. पण तो लगेच विरला, कारण ती हसत नव्हती. अभियंत्याने उठून काहीतरी तांत्रिक सांगायला सुरुवात केली. जागेची मोजणी, पाइपलाइन, प्रस्ताव. ती उभीच राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे नाहीये. मग पुढच्या सभेत मी परत विचारणार."

आणि तिने विचारलं. दर सभेत विचारलं. आधीच्या सभेत जे जे मंजूर झालं त्याचं पुढे काय झालं, हे आधी सांगायचं आणि मगच नवा विषय घ्यायचा, अशी प्रथाच तिने आणि मुख्याधिकाऱ्यांनी मिळून पाडली. आम्ही वर बसायचो. कुणी मेथी निवडायचं, कुणी शेंगा सोलायचं, मी ब्लाउजला हुक लावायचे. हात कामात, कान खाली. बाकीच्या नगरसेविकाही एकेक करून बोलायला लागल्या. एक जण दिव्यांबद्दल, एक जण अंगणवाडीच्या गळक्या छपराबद्दल. एकीने तर आपल्याच पक्षाच्या माणसाला "तुम्ही जरा थांबा" म्हणून खाली बसवलं. त्या संध्याकाळी बाईंनी दुकानात पेढे वाटले.

स्वच्छतागृहाला वेळ लागला. जागा ठरली, तर कुणीतरी हरकत घेतली. भिंती उठल्या, तर पाण्याची जोडणी नाही. पाणी आलं, तर दाराला आतून कडीच नाही. कडीचा विषयसुद्धा सभेत आला. एवढ्या मोठ्या सभागृहात गंभीर चेहऱ्याने एका कडीवर चर्चा चालली आहे, हे ऐकताना मला हसू येत होतं आणि ऊरही भरून येत होता. याआधी त्या बायकांच्या कडीचा विचार कुणी केला होता?

उद्घाटनाच्या दिवशी मांडव घातला. फीत बांधली, चांदीच्या ताटात कात्री ठेवली. नगराध्यक्ष यायचे होते, आणि कुणी मोठे पाहुणे नाशिकहून. पाहुणे येईनात. ऊन तापायला लागलं. भाजीवाल्या नव्या साड्या नेसून ताटकळत होत्या. आक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फितीकडे.

"कवा येनार ते?"

"येतीलच," मी म्हटलं.

"मला नाय थांबता येत आता," आक्का म्हणाली. तिने लुगड्याचा ओचा सावरला, वाकून फितीखालून गेली आणि आतून कडी लावली.

हसण्याचा असा काही फवारा उडाला की मांडव हलला. नगराध्यक्ष नेमके तेव्हाच गाडीतून उतरले. काय झालं ते त्यांना कळल्यावर मला वाटलं, रागावतील. ते कात्री हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, उद्घाटन झालं म्हणायचं का?"

"झालं," बाई म्हणाल्या. "योग्य माणसाच्या हातून झालं."

आक्का बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने दोन्ही हात जोडले, जराही न लाजता, आणि नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायली. भर उन्हात, बाजाराच्या मधोमध. बाकीच्या बायका तिच्यामागे रांगेत लागल्या.

नंतरच्या काळात वाईट दिवसही आले. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. मोठ्या बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि जिना चढणं बंद झालं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगायला जायचे. त्या मधेच विचारायच्या, "मग ती काय म्हणाली? शब्द काय होते?" आणि मला नेमके शब्द आठवले नाहीत तर वैतागायच्या. पुढे तर काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. राज्यभर पालिकांवर प्रशासक होते. सभा नाही, सभासद नाहीत. सभागृहात दिवे लागत नव्हते. त्या काळात भाजीवाल्या एकदा पाण्यासाठी प्रशासकांच्या दालनात गेल्या, तेव्हा आमची माजी नगरसेविका त्यांच्यासोबत गेली. पद नव्हतं तरी गेली. कुणीतरी तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या अधिकारात आलात?" ती म्हणाली, "मी इथे राहते, त्या अधिकारात."

दरम्यान नवरा निवृत्त झाला, मुलीने नाशिकला फ्लॅट घेतला, मी दुकान भाच्याला दिलं आणि आम्ही नाशिकला आलो.

शेवटी निवडणूक झाली. आमची माजी नगरसेविका या वेळी राखीव नसलेल्या वॉर्डातून उभी राहिली, समोर दोन तगडे पुरुष उमेदवार होते, आणि निवडून आली. भाऊंनी प्रचारात घरोघर तिची पत्रकं वाटली. नव्या पालिकेच्या पहिल्या सभेला मी मुद्दाम एसटीने गेले.

वेळेच्या बरंच आधी पोचले, तरी उशीर झाला होता. जिना माणसांनी गच्च भरलेला. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. शेतकरी, कॉलेजची मुलं, बुरखा घातलेल्या बायका, रिक्षावाले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मान उंचावत म्हटलं, "अहो, मला वर जाऊ द्या." कुणी ऐकेना. शिपाईही नवा, मला ओळखत नव्हता. "मावशी, वर जागा नाही," तो म्हणाला. "अंगणात स्पीकर लावलाय. तिथून ऐका."

मी अंगणात आले. तिथेही गर्दी. कडुनिंबाच्या पारावर एका खुर्चीत मोठ्या बाई बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना रिक्षाने आणलं होतं. केस पांढरेशुभ्र, कानाला यंत्र, पण साडीची इस्त्री तशीच. मी त्यांच्याजवळ गेले, पायाला हात लावला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. बाजूला आक्का उभी होती. आता ती भाजी विकत नाही, सून विकते. तिला इतक्या वर्षांनी पाहून मला राहवेना.

"आक्का! बघ ना किती माणसं! आपण तिघीच आलो होतो गं..."

स्पीकर खरखरला. आतून आवाज आला, "विषय क्रमांक एक." अख्खं अंगण गप्प झालं.

मी आणखी काही म्हणणार, तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुण मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "मावशी, बोलू नका ना," ती म्हणाली. "ऐकू येत नाही."

मी गप्प बसले आणि ऐकायला लागले.